उरले ते दोन हात

कोचीच्या उत्तरेस वायपीन नावाचे एक लांबट बेट आहे. त्याच्या एका अंगास अरबी समुद्र गर्जत असतो, तर दुसऱ्या अंगास खाडीचे संथ पाणी पसरलेले असते. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर नारळीच्या बागा आहेत. या बेटावरील चेराई गावी २६ मे १९२५ रोजी मेरी व्हर्गीज हिचा जन्म झाला. त्या काळी हा मुलूख कोचीन संस्थानात मोडत असे. घर खाऊनपिऊन सुखी होते. वडील गावातील प्रतिष्ठित जमीनदार होते आणि आठ भावंडांत मेरीचा क्रमांक सातवा होता.

हे घराणे सीरियन ख्रिस्ती पंथाचे. येशूचा शिष्य संत थॉमस इसवी सनाच्या पहिल्या शतकात मलबारच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याने येथे धर्माचे बीज रोवले, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. दिवेलागणीला घरातील लहानथोरांनी एकत्र बसून प्रार्थना म्हणण्याचा या लोकांत प्रघात असतो. मेरी अशा वातावरणात वाढली. परंतु रोजच्या सवयीने म्हटलेली प्रार्थना वेगळी आणि प्राण कंठाशी आले असता मुखातून निघणारी प्रार्थना वेगळी. हे अंतर किती मोठे आहे, ते तिला पुढे कळावयाचे होते.

गावच्या शाळेतील व एर्नाकुलम येथील महाराजा महाविद्यालयातील शिक्षण संपवून मेरी वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. वेल्लोर हे मद्रासच्या पश्चिमेस पालार नदीच्या काठी वसलेले जुने शहर. तेथे १९०० साली आयडा स्कडर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी अवघ्या एका खाटेवर दवाखाना सुरू केला होता. तरुणपणी एकाच रात्री तीन घरांतील पुरुष त्यांच्या वडिलांकडे आले होते. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. वडील डॉक्टर होते, पण परक्या पुरुषाने आपल्या स्त्रीला तपासावे हे त्या तिघांनाही मान्य नव्हते. आयडाबाईंना त्या वेळी वैद्यकाचे काहीच ज्ञान नव्हते. सकाळी त्या तिन्ही स्त्रिया मरण पावल्याचे त्यांना समजले. त्या मृत्यूंनी आयडाबाईंच्या आयुष्याची दिशा ठरविली. त्यांनी १९१८ मध्ये मुलींना वैद्यकाचे शिक्षण देणारी शाळा काढली. तिचेच पुढे मोठे महाविद्यालय झाले. दुसऱ्यांकडून सेवा घेण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्यांची सेवा करण्यासाठी यावे, हे येशूचे सांगणे त्या महाविद्यालयाने आपले ब्रीद मानले आहे.

वैद्यकाची पदवी मिळाल्यावर डॉ. मेरी तेथेच काम करू लागल्या. स्त्रीरोगांवरील उपचारांत निष्णात व्हावे, असा त्यांचा मानस होता. अंगाने लहानखुऱ्या, स्वभावाने कष्टाळू अशा या तरुण डॉक्टरबाईंपुढे आयुष्याची वाट सरळ पसरलेली दिसत होती. १९५४ सालच्या जानेवारीच्या ३० तारखेला काही डॉक्टर मंडळी सुटीचा दिवस म्हणून मोटारीतून सहलीस निघाली. त्यांत डॉ. मेरीही होत्या. वाटेत मोटारीला अपघात झाला. डॉ. मेरींच्या चेहऱ्यास गंभीर इजा झाली. परंतु खरा आघात डोळ्यांना न दिसणारा होता. त्यांच्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला दुखापत झाली होती.

मज्जारज्जू म्हणजे मेंदू आणि शरीर यांच्यामधील तारायंत्रच होय. मेंदूची आज्ञा त्याच्यातून पायांकडे जाते आणि पायाला बोचलेल्या काट्याची वार्ता त्याच्यातूनच मेंदूकडे येते. हाड मोडले तर ते सांधते. कातडी फाटली तर ती भरून येते. मज्जारज्जू मात्र एकदा तुटला की पुन्हा जोडला जात नाही. मग पाय असूनही नसल्यासारखे होतात. ते हलत नाहीत आणि त्यांना काही कळतही नाही. एवढ्याने संकट संपत नाही. निरोगी माणूस झोपेतसुद्धा कुशी पालटतो, कारण अंग अवघडले की शरीरच त्याला हलविते. ज्याच्या अंगाला संवेदनाच नाही, तो एकाच कुशीवर पडून राहतो आणि दाबलेल्या जागी कातडी मरून खोल जखमा पडतात. त्यांना शय्याव्रण म्हणतात. म्हणून अशा रुग्णाला रात्रंदिवस दर दोन तासांनी दुसऱ्या कुशीवर वळवावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कण्याला अशी इजा झालेले बहुतेक लोक थोड्या काळात दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून अशा रुग्णांची पद्धतशीर शुश्रूषा आरंभिली, तेव्हा ते जगू लागले. एका परीने पाहता डॉ. मेरींचे नशीब म्हणावयाचे ते एवढेच, की अपघात दहा वर्षे आधी झाला नाही आणि वेल्लोरसारख्या रुग्णालयाच्या जवळपास झाला.

त्या शुद्धीवर आल्या, उपचार सुरू झाले, शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या पायांचे काय झाले, हे जाणण्यासाठी वैद्यकशास्त्र शिकलेल्या स्त्रीला कोणाला विचारावे लागत नाही. चार दिवसांपूर्वी ज्या रुग्णालयात त्या एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे लगबगीने जात होत्या, तेथेच आता त्या एका खाटेला खिळल्या होत्या. परिचारिका येत, त्यांना वळवीत आणि जात. वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

अशा वेळी श्रद्धावान माणसाच्या मनात जी खळबळ उडते, तिची कल्पना इतरांना करता येणे कठीण. ज्याचा देवावर विश्वासच नाही, तो अपघाताला अपघात म्हणतो आणि थांबतो. ज्याचा विश्वास आहे, त्याला मात्र प्रश्न पडतो, की मी ज्याला पिता म्हणतो त्याने हे का होऊ दिले? बहुधा या प्रश्नाला आणखी एक विषारी फाटा फुटतो. हे माझ्या एखाद्या पापाचे फळ असेल काय? भेटीला येणारी माणसेही पुष्कळदा सांत्वनाच्या नावाखाली हेच सुचवितात. श्रद्धा पुरेशी दृढ असेल तर पाय परत येतील, असे कोणी सांगितले, तर रुग्णाच्या दुःखात अपराधाची भर पडते. पाय नाहीत ते नाहीतच, वर श्रद्धाही उणी ठरते!

ख्रिस्ती धर्मग्रंथात या प्रश्नाचा एक प्रसंग आला आहे. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी येशूला विचारले, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने उत्तर दिले, की याचेही नाही आणि त्याच्या आईबापांचेही नाही. त्याच ग्रंथात दुसराही एक प्रसंग आहे. आपल्या शरीरातील एक पीडा दूर व्हावी म्हणून संत पौलाने तीन वेळा प्रार्थना केली. पीडा गेली नाही. ती सोसण्यापुरते बळ मात्र त्याला मिळाले. खुद्द येशूनेही, मरणाच्या आदल्या रात्री, हा प्याला माझ्यापासून टळावा, अशी विनवणी केली होती आणि तो टळला नव्हता. तेव्हा या धर्माचा आधार घेणाऱ्याला दुःख टळेल असे आश्वासन मिळते, ही समजूत बरोबर नाही. ज्याने स्वतः दुःख भोगले, तो आपल्याजवळ आहे, एवढेच आश्वासन त्याला मिळते. ते लहान वाटते. खाटेवर पडलेल्या माणसाला ते पुरते की नाही, हे त्यानेच ठरवावयाचे असते.

डॉ. मेरींना ते पुरले. मात्र ते एका दिवसात पुरले नाही. त्यामागे निराशेचे, रागाचे आणि प्रार्थनेचे कितीतरी दिवस गेले. पाय परत मिळावेत, हे मागणे हळूहळू मागे पडले आणि जे उरले आहे त्याचा काही उपयोग व्हावा, हे मागणे पुढे आले. उरले काय होते? बुद्धी शाबूत होती, डोळे होते आणि कमरेच्या वरचे शरीर होते. त्यात दोन हात होते, आणि ते शल्यवैद्याचे शिकविलेले हात होते. अमेरिकन लेखिका डॉरोथी क्लार्क विल्सन यांनी १९६३ मध्ये डॉ. मेरींचे चरित्र प्रसिद्ध केले. त्या चरित्राच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘माझे हात घे’ असा आहे. पाय मागणारी प्रार्थना आणि हात देऊ करणारी प्रार्थना यांच्यामधील प्रवास त्या तीन शब्दांत आला आहे.

पण नुसते देऊ करून भागत नाही. त्या हातांना काम दाखविणारा कोणीतरी लागतो. ते काम डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखविले. मिशनरी आईबापांच्या पोटी १९१४ साली तामिळ प्रदेशातील कोल्ली डोंगरांत जन्मलेले हे इंग्रज शल्यवैद्य १९४६ पासून वेल्लोरला होते. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून ते हात पुन्हा कामाला लावण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला होता. पुष्कळ डॉक्टर त्या काळी या रोग्यांना हात लावण्यासही तयार नसत. डॉ. ब्रँड यांनी डॉ. मेरींपुढे एक विचार मांडला. हातावरची शस्त्रक्रिया शल्यवैद्य बसूनच करतो. त्यासाठी उभे राहण्याची गरज नसते. मग चाकांच्या खुर्चीत बसलेल्या डॉक्टरला ती का करता येऊ नये?

प्रश्न साधा होता, पण त्याने बंद दार उघडले. अर्थात दार उघडले म्हणजे आत जाता आले, असे नव्हे. त्यापूर्वी ताठ बसता येणे आवश्यक होते आणि कमरेखाली बळ नसलेल्या शरीराला बसणे हेसुद्धा नव्याने शिकावे लागते. तोल कसा सावरावा, खाटेवरून खुर्चीत हातांच्या जोरावर कसे सरकावे, चाके कशी फिरवावीत, कपडे कसे चढवावेत, अशा एकेका गोष्टीसाठी दिवसचे दिवस खर्ची पडतात. आजारातून उठणे म्हटले, की माणूस एक दिवस खाटेवरून उतरून चालू लागतो, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. डॉ. मेरी कधीही तशा चालू लागल्या नाहीत. त्यांचे उठणे हे असे इंच इंच होते.

कुष्ठरोगात हातापायांतील मज्जातंतू बिघडतात. कोपराजवळच्या मज्जातंतूला रोगाने ग्रासले, की तळहातातील काही लहान स्नायू निकामी होतात आणि बोटे पक्ष्याच्या नख्यांसारखी आत वळतात. अशा हाताला घास उचलता येत नाही, कुदळ धरता येत नाही, बटण लावता येत नाही. परंतु कोपराखालच्या भागातील काही बळकट स्नायू शाबूत राहिलेले असतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीला कंडरा म्हणतात. शाबूत स्नायूची एक कंडरा सोडवून घ्यावयाची, कातडीखालून बोटांपर्यंत न्यावयाची आणि तेथे शिवावयाची, असे या शस्त्रक्रियेचे स्वरूप असते. जखम भरली, की रुग्णाला नवे शिक्षण द्यावे लागते. जो स्नायू आजवर एक काम करीत होता, तो आता दुसरेच काम करणार असतो आणि मेंदूला ते ठाऊक नसते! आठवडेच्या आठवडे सराव केल्यावर एके दिवशी बोट हुकूम ऐकते. ताठरलेली बोटे सरळ होऊन त्यांत पेन्सिल धरली जाते, तेव्हा रुग्ण आपल्याच हाताकडे परक्या वस्तूसारखा पाहत राहतो.

या कामात डॉ. मेरी प्रवीण झाल्या. चाकांची खुर्ची शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी नेली जाई आणि त्या तासन् तास काम करीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने कुजून गळतात, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. डॉ. ब्रँड व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की बोटे नष्ट होतात ती मुख्यतः इजांमुळे. हाताला दुखणे कळत नाही. मग रुग्ण तापलेले भांडे तसेच उचलतो, जखमेवर जोर देऊन काम करीत राहतो. रात्री झोपेत उंदीर बोट कुरतडतात, तरी तो जागा होत नाही. हे उघडकीस आल्यावर बऱ्या होऊन घरी जाणाऱ्या रुग्णांबरोबर मांजर देण्याची पद्धत तेथे पडली होती! ज्या अवयवाला वेदना नाही, त्याची राखण डोळ्यांनी करावयाची, हा धडा प्रत्येक रुग्णाला गिरवावा लागे. आणि हा धडा देणाऱ्या डॉक्टरबाईंनाही रोज आपल्या पायांची राखण डोळ्यांनीच करावी लागत होती. पायाला चटका बसला, बुटात खडा राहिला, तर त्यांनाही ते कळणार नव्हते. रुग्णाचा हात आणि डॉक्टरचा पाय एकाच शाळेत शिकत होते. त्यामुळे त्यांचा शब्द रुग्णाला परका वाटण्याचे कारण नव्हते.

काही वर्षांनी उपचारासाठी त्या ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी गेल्या. तेथील रुग्णालयात कण्याला इजा झालेल्या माणसांना जगण्याचे नवे शिक्षण मिळत असे. ती माणसे नोकऱ्या करीत आणि चाकांच्या खुर्चीत बसून खेळही खेळत. पुढे १९६२ साली राष्ट्रकुलातील अशा खेळाडूंचे पहिले सामने याच शहरी भरले. हे सर्व पाहून डॉ. मेरींच्या मनात एक विचार घर करू लागला. आपल्याला रुग्णालय मिळाले, तज्ज्ञ मिळाले, परदेशी येता आले. झाडावरून पडलेला माडीवाला, विहिरीत कोसळलेला मजूर यांचे काय होते? भारतात त्या वेळी अशा माणसाला बहुधा घराच्या कोपऱ्यात अंथरुणावर टाकले जाई आणि शय्याव्रण व मूत्रपिंडाचे विकार काही महिन्यांत आपले काम उरकीत.

त्या अमेरिकेत गेल्या आणि न्यूयॉर्क येथील डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या पुनर्वसन संस्थेत शिकल्या. अपंग स्त्रीने परक्या देशी, बर्फाच्या दिवसांत, चाकांच्या खुर्चीत बसून नव्या शास्त्राचे अध्ययन करणे ही सोपी गोष्ट नव्हे. १९६३ च्या आरंभी त्या वेल्लोरला परतल्या आणि तेथील शारीर चिकित्सा व पुनर्वसन विभागाची सूत्रे त्यांनी हाती घेतली. हातांवरील शस्त्रक्रियेचे काम त्यांच्या आवडीचे होते, पण ते करणारे दुसरे आता तयार झाले होते. हे दुसरे काम करणारे मात्र जवळपास कोणी नव्हते.

आपल्या देशातील अडचणी न्यूयॉर्कच्या पुस्तकांत नव्हत्या. तेथील स्वयंपाकाच्या ओट्याची उंची कमी करता येते. येथे चूल जमिनीवर. तेथे गुळगुळीत पदपथ. येथे घराच्या उंबरठ्यापासून बांधावरची पायवाट सुरू होते. १९६६ साली वेल्लोरच्या बागायम भागात पुनर्वसनाची स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि तेथे रुग्णांना राहून शिकण्याची सोय झाली. या प्रकारच्या भारतातील पहिल्या संस्थांत तिची गणना होते. आज ती डॉ. मेरींच्याच नावाने ओळखली जाते. पायऱ्यांऐवजी उतार असलेल्या या वास्तूत चाकांच्या खुर्च्या फिरू लागल्या. कोणी सुतारकाम शिकू लागला, कोणी कुबड्यांवर उभा राहू लागला. १९७२ मध्ये भारत सरकारने डॉ. मेरींना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. १९८६ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले.

पायांतील शक्ती त्यांना अखेरपर्यंत परत मिळाली नाही. अपघातानंतरची बत्तीस वर्षे त्या खुर्चीतच होत्या आणि दुखणी, जखमा, थकवा यांनी त्यांची पाठ कधी सोडली नाही. त्यांची प्रार्थनाही कधी सुटली नाही.

नव्याने अपंग झालेला रुग्ण प्रथम वॉर्डात आणला जातो, तेव्हा तो बहुधा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. कोणी काही सांगू लागले, की धडधाकट माणसांना काय कळणार, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर उमटतो. इतक्यात चाकांचा आवाज येतो. दुसराच एखादा रुग्ण असेल म्हणून तो दुर्लक्ष करतो. खुर्ची त्याच्या खाटेशी येऊन थांबते. चेहऱ्यावर जुन्या अपघाताची खूण असलेली एक लहानखुरी बाई त्याची नाडी पाहू लागते, आणि मग त्याच्या ध्यानात येते, की डॉक्टर त्या हीच.